तात्यांचं हृदय आणि आत्याची चिलापी

माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं, आणि आमच्या भागात त्याचा अर्थ एकच होतो. लग्नात जेवायला बसले की शेजारचा माणूस खिशातून ईसीजीची घडी काढून माझ्या ताटाशेजारी उलगडतो. मी सांगते, मी ती डॉक्टर नाही. पुण्याला प्रयोगशाळेत काम करते, माशांच्या हृदयावर. तो समजूतदारपणे मान डोलावतो आणि विचारतो, "व्हय, पर ह्यात काय दिसतंय?" जळोचीत, आमच्या गावातच, एका बारशाला तर एक गृहस्थ म्हणाले, "माशाचं कळतंय म्हणल्यावर माणसाचं सोपंच की." मी पेढा तोंडात टाकला.

तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हार्ट अटॅक आल्यापासून हा जाच दुप्पट झाला. जो भेटायला येई तो आधी त्यांच्याकडे बघे, मग माझ्याकडे, आणि म्हणे, "घरातच डॉक्टर हाय म्हणल्यावर काळजी न्हाय." काळजी कशी नाही? तात्यांच्या छातीत पहाटे दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी ते पित्तावर ढकललं. सोडा प्यायले. मग म्हशीची धार काढली. मग डेअरीला दूध घालून आले. मग चहा. एवढं सगळं उरकल्यावर आईला म्हणाले, "जरा पडतो, दम लागतुया." साखर कारखान्यात सारा जन्म फिटर म्हणून काढलेला माणूस. यंत्रातून जरा वेगळा आवाज आला की धावत जाऊन बंद करणारा. स्वतःच्या छातीतल्या आवाजाला मात्र दूध पोचेपर्यंत थांबायला सांगितलं. तोवर डाव्या बाजूचा बराचसा स्नायू मेला होता.

डॉक्टरांनी नळीत स्टेंट घातला, जीव वाचला, पण हृदयाचा जोर गेला तो गेलाच. मीठ जवळजवळ बंद, पाणी मोजून, लघवीची गोळी, रोज सकाळी वजन. आणि म्हशी विका असं सांगितलं. म्हशी विकायचं तेव्हापासून चाललंय. अजून चाललंच आहे.

आता माझं काम काय ते सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. आईच्या पोटात असताना बाळाच्या हृदयाच्या पेशी भराभर दुभागतात. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत हे जवळजवळ थांबतं. पुढं हृदय मोठं होतं ते पेशींची संख्या वाढून नव्हे, आहेत त्याच जाडजूड होऊन. वैताग असा की दुभागायची तयारी त्या करतात. आतला जनुकांचा संच दुप्पट करतात, पुष्कळदा केंद्रकंही दोन करतात, आणि ऐन वेळी थांबतात. भावकीत वाटणी ठरते, मोजणी होते, चुली दोन होतात, आणि सातबाऱ्याचा उतारा मात्र सामाईकच राहतो, तसा प्रकार. दुभागायचं तर पेशीला स्वतःच्या आतले आकसणारे धागे सोडवावे लागतात, म्हणजे तेवढा वेळ धडधडायचं काम बाजूला ठेवायचं. माणसाचं हृदय ती सुट्टी घेत नाही. स्नायू मेला की त्या जागी ते व्रण भरून घेतं. व्रण चिवट असतो, हृदय फुटू देत नाही, पण तो आकसत नाही. ठिगळ ते ठिगळ.

झेब्राफिश नावाचा एक मासा मात्र हे करतो. बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळे पट्टे. त्याच्या हृदयाचं टोक कापलं तर जखमेजवळच्या पेशी आपले धागे सोडतात, जरा मागं जातात, पुन्हा लहानपणासारख्या होतात, दुभागतात आणि काही आठवड्यांत तुटलेला भाग भरून काढतात. आमच्या पेशींना हे का जमत नाही, याचा शोध जगभर चालू आहे, त्यातलं एक चिमूटभर काम माझं. पेशीत एक प्रथिन असतं, ते केंद्रकात शिरलं की वाढीचा हुकूम सुटतो. मोठ्या माणसाच्या हृदयात दुसरी प्रथिनं त्याला दारातच अडवून धरतात. त्या अडवणाऱ्यांना हटवलं की पेशी दुभागू लागतात, पण मग थांबायचं कधी ते त्यांना कळत नाही. ठोक्याची लय बिघडून हृदयच बंद पडू शकतं. म्हणून हे सगळं अजून काचेच्या ताटल्यांत, माशांत आणि उंदरांत आहे. हे मी घरी शंभरदा सांगितलं असेल. तात्या ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "मग म्हस विकायची की न्हाय?"

अशात इंदापूरच्या एका शाळेनं मला मुलांसमोर बोलायला बोलावलं. इंदापूरकडे माझी आत्या राहते, तात्यांची थोरली बहीण. उजनीच्या पाण्याच्या कडेला तिचं घर आहे, घरात मासेमारीचा धंदा. त्यांची आई लवकर गेली म्हणून तात्यांना तिनंच कडेवर घेऊन वाढवलं, आणि तात्या सत्तरीला आले तरी तिनं त्यांना कडेवरून खाली उतरवलेलं नाही. भाषण भाचीचं, म्हणून ती पहिल्या रांगेत मुख्याध्यापकांच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी पडद्यावर झेब्राफिश दाखवला. कापलेलं हृदय कसं भरून येतं त्याची चित्रं दाखवली. मुलं आपापसात कुजबुजत होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर एकाही पोराचा हात वर झाला नाही, आत्याचा झाला.

"त्यो मासा पट्ट्यापट्ट्याचा असतोय ना गं?"

असतो, मी म्हटलं. मनात म्हटलं, चला, निदान एका माणसानं तरी नीट बघितलं. परतीच्या बसमध्ये मी या प्रश्नाचं कौतुक करत बसले होते.

त्यानंतर तात्यांचं वजन वाढायला लागलं. आधी थोडं, मग पुष्कळ. जेवण तेच, पण पाय सुजले. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडे आणि तसाच राही. दोन उशा घेऊन झोपणारे तात्या भिंतीला टेकून बसून झोपू लागले. कमजोर हृदयाचं असंच असतं. रक्त पुढं ढकलायला जोर नाही, मूत्रपिंडांना वाटतं अंगात पाणीच कमी आहे, ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि ते पाणी पायांत आणि फुप्फुसांत साठतं. वरून मीठ पोटात गेलं तर बघायलाच नको. डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली आणि मला फोनवर म्हणाले, "मीठ कुठून तरी जातंय. तुम्ही तर याच विषयातल्या, घरात जरा लक्ष घाला." अशा हृदयाच्या माणसाच्या अंगात पुन्हा पुन्हा पाणी साठलं की एखाद्या वेळी ते उतरतच नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला ते बोलता येईना.

दर शनिवारी मी पुण्याहून येऊन स्वयंपाकघराची झडती घेऊ लागले. लोणचं हलवलं, पापड हलवले, फरसाण शेजारी देऊन टाकलं. आईनं मिठाचा डबा कपाटात घातला आणि किल्ली पदराला बांधली. खायच्या सोड्यातही सोडियम असतं म्हणून मी भजी बंद केली. तरी वजन वाढतंच. मग मी माणसांवर संशय घेतला. पणदऱ्याचे चुलते भेटायला यायचे ते नक्की भेळ घेऊन येतात असं धरून मी त्यांच्या पिशवीत डोकावले. पिशवीत डाळिंबं निघाली. चुलते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

मग एका शनिवारी मी लवकरची बस धरली आणि दुपारीच जळोचीत उतरले. घराच्या मागं दुधाचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हरनं गोठ्याच्या भिंतीवरून फडक्यात बांधलेला एक स्टीलचा डबा आत दिला, आतून तात्यांचा हात वर आला, डबा गेला, टेम्पो गेला. मी पुढच्या दारानं न जाता मागून गोठ्यात शिरले. तात्या दोन म्हशींच्या मधे पालथ्या घमेल्यावर बसून मासे खात होते. तळलेले, वर मसाल्याचा थर. मांडीवर एक वाटी, त्यात हरभऱ्याएवढे लालसर काळे तुकडे.

"तात्या, हे काय?"

"औशीद," तात्या म्हणाले. तोंडात काटा होता, तो त्यांनी सावकाश काढून भिंतीवर ठेवला. "आक्का पाठवती. चिलापी हाय. पट्ट्याची."

"आणि वाटीत काय आहे?"

"हार्टं. मासं साफ करणाऱ्या बायांना सांगून ठिवलंय तिनं, टाकू नगा म्हून. एका डब्याला लई मासं लागत्यात. तूच सांगितलंस न्हवं का तितं शाळंत?"

मला एकदम कळलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आत्यानं पट्टे विचारले होते ते एवढ्यासाठी. पाय मोडला की पायाचं सूप देतात, तसं हार्ट मोडलं तर हार्ट द्यायचं, आणि तेही पुन्हा उगवणाऱ्याचं. तिच्या दारातच पट्ट्याचा मासा पोत्यानं उतरतो.

"मीठ किती असतं याला?"

"भरपूर लावती. टेम्पोत उन्हातानात नासतंय म्हून."

भरपूर. माझ्या आईच्या पदराला मिठाच्या डब्याची किल्ली आणि इथं गोठ्यात खारवलेले मासे. मी एवढ्या जोरात ओरडले की म्हशीनं दावं ओढलं. आई धावत आली, पण आत न येता उंबऱ्याशी थांबली. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरात मासा-मटण शिजत नाही, शिजलेलं आत येत नाही, ज्याला खायचं त्यानं बाहेर. म्हणून तर झडतीत काही सापडत नव्हतं. मी स्वयंपाकघर उलटंपालटं करत होते आणि मीठ गोठ्यात खाल्लं जात होतं.

"आई, तुला माहीत होतं?"

तात्यांनी रिकामा डबा तिच्याकडे दिला, तिनं तो घेतला आणि बाहेरच्या नळावर राखेनं घासायला बसली. माळ घातल्यापासून जिनं माशाच्या भांड्याला हात लावला नव्हता, ती माशाचे काटे बोटांनी काढत होती. मी म्हटलं, अगं तुझी माळ. ती मान वर न करता म्हणाली, "माळंचं मी बघून घीन. तुझ्या बापाला बरं वाटलं पायजे. तूच म्हणालीस, परत उगवतं म्हून."

मी काय म्हणाले होते आणि यांनी काय ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी तावातावानं इंदापूरची बस पकडली. वाटेत सगळं भाषण तयार केलं. सोडियम, फुप्फुसातलं पाणी, चिलापी आणि झेब्राफिश यांच्यातलं अंतर, सगळं. आत्या अंगणात फरशीवर बसून पुढच्या डब्याचे मासे खारवत होती. शेजारी जाड्या मिठाची पाटी.

"आत्या, बंद कर हे. तो मासा हा नव्हे."

"पट्टं हायती की," ती म्हणाली आणि एक चिलापी शेपटीला धरून उजेडात केली. पट्टे होते. फिकट, उभे, पण होते.

"पट्ट्याचं काही नसतं गं. आणि मासा खाऊन त्याचं हृदय आपल्यात येत नाही. मटण खाऊन कुणाला शिंगं फुटलीत का आजवर?"

"शिंगं न्हाय फुटत. पर कलेजी खाल्ली की रगत भरतंय का न्हाय? डॉक्टरच सांगत्यात."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण लांबलचक होतं. त्यात लोह होतं, पचन होतं, पेशी होत्या. मी ते सुरू केलं. आत्या माशांना मीठ चोळत ऐकत राहिली. मधेच तिनं विचारलं, "मग तू इतकी वर्सं माशांची हार्टं कापतीस ती कशापायी?"

"पुढं कधीतरी माणसाला उपयोग व्हावा म्हणून."

"कवा?"

"सांगता येत नाही. पुष्कळ वर्षं लागतील."

"म्हंजी माझ्या भावाला न्हाय."

आजवर मला हे कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. लोक विचारत, मी संशोधन चालू आहे म्हणे, लोक बरं म्हणत आणि दोघांचंही भागे. तात्यांनाही मी तेच सांगत आले होते. आत्यानं हात थांबवले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही आत्या. त्यांचं मेलेलं परत येणार नाही. आहे तेवढं गोळ्यांवर सांभाळायचं. आणि हे मीठ त्यांना बुडवतंय. पाय सुजलेत ते यानंच. झोपताना बसून राहतात ते यानंच."

"माझ्या डब्यानं?"

"तुझ्या डब्यानं."

मग मिठाच्या हातानंच तिनं कमरेचा मोबाइल काढला आणि भावाला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"आरं, मासा बंद करतीया आता. पोरगी म्हणती, त्यानं उगवत न्हाय."

"मला ठावं हाय की," तात्या म्हणाले.

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी फोनकडे.

"ठावं हाय म्हंजी?"

"आक्के, जलम फिटरकीत गेला माझा. ठिगळ लावल्याली जागा परत पयल्यासारखी हुती व्हय कुठं? पोरगी सांगती त्ये कळतंय मला, समदं न्हाय, पर येवढं कळतंय."

"मग खात कशाला हुतास?"

"तू पाठवत हुतीस."

माझा संताप असा काही उसळला की मी फोन तिच्या हातातून ओढूनच घेतला. पाय फुगवून घेतले, दम लावून घेतला, बसून रात्री काढल्या, डॉक्टरांना गोळ्या वाढवायला लावल्या, मला चुलत्यांच्या पिशव्या तपासायला लावल्या, का, तर बहिणीचा डबा माघारी कसा धाडायचा? हे मी सगळं त्यांना ऐकवलं, याहून वाईट शब्दांत ऐकवलं. तात्या ऐकून घेत होते. मागं म्हैस ओरडत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "वरडू नगंस. आक्का ऐकती हाय."

आत्यानं फोन माझ्याकडून परत घेतला. "बिनमिठाचं करून पाठविलं तर खाशील का रं?"

तात्यांना बिनमिठाचा मासा म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं. बिनमिठाच्या वरणावरून त्यांनी आईशी रोज तंटा केलेला होता. थोडा वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू आला, चढलेला, मधेच तुटणारा. मी तो श्वास मोजत होते आणि आत्याही बहुधा तेच करत होती.

"पाठीव," तात्या म्हणाले.

फोन ठेवल्यावर आत्या फरशीवरचे खारवलेले तुकडे पाटीत गोळा करून नळाखाली बसली आणि एकेक तुकडा चोळून धुवायला लागली. ते मासे मी तात्यांपर्यंत पोचू देणार नव्हते, मीठ आत मुरलं होतं, आणि हे मी तिला सांगायला हवं होतं. पाणी वाहत होतं. ती डोळे न पुसता धूत होती, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून किती धुवू सांग."

मी म्हटलं, अजून थोडं.